म्हातारपणासाठी घर आवरताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत लिपिक आहे, त्यामुळे मंडळाच्या चिटणीसांनी मला "बँकेच्या योजनांवर दोन शब्द बोला" असे सांगितले होते. मी होकार दिला. परंतु घरी जाऊन कागद-पेन घेऊन बसले तेव्हा योजनांऐवजी माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा एक पत्र्याची पेटीच येऊ लागली. म्हणून विषय थोडा बदलला आहे. बँकेचे बोलणार आहे, पण शेवटी. आधी घराचे बोलू. वय वाढते तसे घर कसे आवरावे, त्यात काय बदल करावेत, आणि आवरताना कोणती चूक करू नये, हे मी माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगणार आहे. मी कुणी मोठी वक्ती नाही, सांभाळून घ्यावे.

आमचे घर भुईगावातच आहे. पूर्वी कौलारू होते, आता पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे आणि मागची पडवी अजून कौलांचीच आहे. माझे सासरे रेल्वेत गँगमन होते. सासूबाईंनी आयुष्यभर वाडीत मजुरी केली. केळीच्या बागेत, फुलांच्या वाडीत, भाजीच्या मळ्यात. ज्या घरात एकेक वस्तू मजुरीच्या पैशातून आली, त्या घरात टाकून देणे हा प्रकार नसतो. तेलाचा रिकामा डबा धान्यासाठी, फाटलेले लुगडे गोधडीसाठी, सायकलची जुनी ट्यूब बादलीचे कान बांधण्यासाठी. सासरे २०१२ साली वारले. त्यानंतर सासूबाईंनी काही म्हणून हलवू दिले नाही. माळ्यावर, कॉटखाली, दरवाजाच्या मागे, जिथे पाहावे तिथे गाठोडी.

मी पदवीधर, नोकरी करणारी सून. मला त्या पसाऱ्याची लाज वाटायची, हे आज कबूल करते. २०१६ च्या एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी आम्ही घराला रंग काढला. रंगारी म्हणाला, सामान बाहेर काढा. मी म्हटले, बरी संधी आहे. सासूबाई चार दिवस नणंदेकडे गेल्या होत्या. त्या परत येण्याच्या आत मी माळा रिकामा केला. भंगारवाला आला, त्याने तराजू लावला. कॉटखालची गंजलेली पत्र्याची पेटी मी उघडून पाहिली. वर जुने कपडे, खाली पिवळे पडलेले कागद, वह्या. कागद रद्दीत आणि पेटी भंगारात गेली. सगळे मिळून किती पैसे आले ते मला आठवत नाही, पण त्या पैशातून मी पडदे घेतले, ते आठवते.

सासूबाई परत आल्या. घर बघितले. "छान केलंस," म्हणाल्या. रात्री कॉटखाली हात घालून चाचपडताना मी त्यांना पाहिले. "पेटी कुठाय गं?" एवढेच विचारले. मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते असे मला अजून वाटते.

पुढे तीन वर्षांनी, २०१९ साली, माझी मुलगी बारावीच्या विज्ञान शाखेत होती. पुढील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागणार होते. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना हे चांगले ठाऊक असेल, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. म्हणून पडताळणीच्या वेळी त्या तारखेपूर्वीचा पुरावा फार मोलाचा ठरतो. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, जमिनीचा एखादा जुना कागद, असे काही. १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला, तरी मूळ नोंद कुठली आणि कधीची हा प्रश्न राहतोच. आमच्या सासऱ्यांनी १९४५ साली पहिलीत नाव घातले होते आणि चौथीपर्यंत शिकले होते. त्यांचा दाखला होता. कुठे होता? त्या पेटीत होता.

मग सुरू झाल्या चकरा. माझे यजमान तीन वेळा रजा टाकून सासऱ्यांच्या मूळ गावच्या शाळेत गेले. सुदैवाने शाळेचे जुने जनरल रजिस्टर जिवंत होते. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण सासऱ्यांच्या नावाची ओळ शाबूत. मुख्याध्यापकांनी निर्गम उतारा दिला आणि आमचे काम झाले. सगळ्यांचे असे नशीब नसते. शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर पुरात गेलेले असते.

हा कागद मिळाला. पण त्या पेटीत दुसरीही एक गोष्ट होती, ती मला नंतर कळली. १९७८ साली २ ऑक्टोबरला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा एक वर्ग आमच्या वस्तीतही रात्री कंदिलाच्या उजेडात भरत असे. सासूबाई तेव्हा तिशीच्या होत्या. दिवसभर वाडीत काम करून त्या रात्री पाटी घेऊन बसायच्या. तिथे त्या सही करायला शिकल्या. आधी पाटीवर, मग वहीवर. एकच नाव पानेच्या पाने. ती वही त्यांनी पेटीत ठेवली होती. ती कुठल्याच कचेरीत पुरावा म्हणून चालली नसती आणि कुठल्याच कचेरीतून तिची नक्कल मिळणार नव्हती. बँकेच्या खिडकीवर मी रोज अंगठे घेते आणि सह्या तपासते. अंगठा सोडून सही करायला शिकलेल्या बाईला ती सही म्हणजे काय असते हे मला इतर कुणापेक्षा जास्त कळायला हवे होते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की म्हाताऱ्या माणसाचे घर त्याच्या पाठीमागे आवरू नये. तो समोर हवा, आणि शेवटचा शब्द त्याचा हवा.

आता हे खरे की पसारा कमी करावाच लागतो. माझे ऐकून कुणी उद्यापासून "काही टाकायचे नाही, बँकेतल्या बाईंनी सांगितले" असे म्हणू नये! पसारा ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. साठीनंतर नजर मंदावते, पाय पूर्वीसारखा उचलला जात नाही, रात्री लघवीला दोन-तीनदा उठावे लागते. अशा वेळी वाटेत पडलेली पिशवी, सुटलेली वायर, दुमडलेली सतरंजी यात पाय अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात, आणि त्यात साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. आपल्याकडे माणूस "खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळला" असे आपण सहज बोलतो. पण तो पडला कुठे, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा तो घरातच पडलेला असतो.

आमच्याकडेही तेच झाले. २०२१ च्या पावसाळ्यात सासूबाई मोरीच्या कट्ट्याला अडखळून पडल्या. मनगटावर निभावले. हाताला प्लास्टर घालून त्या सहा आठवडे बसून होत्या. त्या काळात आम्ही दुसऱ्यांदा घर आवरले, आणि या वेळी त्यांना शेजारी खुर्चीवर बसवून.

पद्धत अगदी साधी होती. एका दिवशी एकच जागा: आज भिंतीतला खण, उद्या कॉटखाली. एक तासापेक्षा जास्त नाही, कारण जुन्या वस्तू हातात घेतल्या की माणूस थकतो. कामाने थकतो त्यापेक्षा आठवणीने जास्त थकतो. मी वस्तू उचलून दाखवायची आणि त्यांनी सांगायचे, ठेव, दे किंवा टाक. "दे" म्हटले की कुणाला, हे त्यांनीच सांगायचे. माझी एक चूक त्यांनी लगेच सुधारली. मी विचारत होते, "आई, हे टाकू का?" त्या म्हणाल्या, "टाकू का विचारलंस तर मी नाहीच म्हणणार. कुणाला देऊ विचार." त्यानंतर काम भराभर झाले. पितळेचे दोन मोठे हंडे आणि लग्नाकार्याची पातेली त्यांनी आपल्या हाताने वस्तीतल्या भांडी-समितीला दिली. चार गाद्यांपैकी दोन पिंजाऱ्याकडून नव्या करून नणंदेच्या घरी गेल्या. लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, प्रत्येक नातवंडाला एक. देणाऱ्याच्या हयातीत वस्तू दिली की घेणाऱ्याला तिची गोष्टही मिळते. वारल्यावर वाटणी केली की नुसते भांडे मिळते, आणि कधी कधी भांडणही.

स्वीडन देशात यासाठी एक शब्दच आहे. मार्गारेटा मॅग्नुसन या बाईंचे त्यावरचे पुस्तक २०१७ साली इंग्रजीत आले आणि जगभर गाजले. त्या शब्दाचा अर्थ होतो मरणापूर्वीची साफसफाई. आपल्या मागे मुलांना पसारा उपसावा लागू नये म्हणून स्वतःच्या हाताने हळूहळू घर रिकामे करायचे. आपल्या कानाला शब्द कठोर लागतो, पण कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या कितीतरी आज्या नातीच्या लग्नाची साडी वेगळी बांधून ठेवतात, ते काय आहे? फरक इतकाच की स्वीडनमधल्या घरात वस्तू फार होतात म्हणून त्या काढतात. आपल्या घरात एका पिढीपूर्वी वस्तूच नव्हत्या. त्यामुळे परदेशातले पुस्तक वाचून "वर्षभर वापरले नाही ते फेका" हा नियम आपण जशाचा तसा घेऊ नये. सासऱ्यांचा दाखला सत्तर वर्षे कुणी वापरला नव्हता.

दुसरी अडचण मनाची. साठीच्या आधी कुणाला सांगायला जावे तर म्हणतात, "अजून मी म्हातारा झालो का?" आणि पंचाहत्तरीनंतर म्हणतात, "आता कशाला, किती दिवस राहिले?" या दोन उत्तरांच्या मध्ये सगळी वर्षे निघून जातात. मला वाटते निवृत्तीच्या आधीची दोन-चार वर्षे योग्य. गुडघे चालतात, पगार चालू असतो, गवंड्याला पैसे देता येतात. मी स्वतः अजून पन्नाशीची झाले नाही, पण माझ्या पुस्तकांना हात घातला आहे. पुस्तकांचे मात्र जपून. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या घरातली पुस्तके किलोवर कशी घालवायची? जी वाचून झाली आणि मुलांनाही लागणार नाहीत, ती विहारातल्या कपाटात आणून द्यावीत. फक्त स्पर्धा परीक्षांची जुनी, कालबाह्य पुस्तके आणू नयेत. त्यांनी निम्मे कपाट भरले आहे, हेही जाता जाता सांगते.

आता घरातल्या बदलांकडे येते. यात खर्च फार नाही, पण डोळे उघडे ठेवून घरातून एकदा फिरावे लागते. मी तर म्हणेन, रात्री दिवे मालवून कॉटपासून मोरीपर्यंत एकदा चालून पाहावे, म्हणजे कुठे काय अडते ते आपोआप कळते.

सर्वांत आधी मोरी आणि संडास. गुळगुळीत चकचकीत टाइल्स बसवण्याची आपल्याकडे हौस आहे. पाणी आणि साबण पडला की त्यावर तरुण माणूसही घसरतो. खरखरीत, पाय न घसरणारी फरशी मागून घ्यावी. संडासाजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीला पकडायला दांडा बसवावा. टॉवेल अडकवायची नळी म्हणजे दांडा नव्हे. ती माणसाचे वजन घेत नाही, उलट हातात निघून येते. दांडा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. आपल्या भुईगावात समुद्राचा खारा वारा आहे, साधे लोखंड दोन पावसाळ्यांत पोपडे धरते. खाली बसता येत नसेल तर कमोड. त्याची बैठक साधारण अठरा इंच उंच असली की उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. जुना भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि तोडफोड करायची नसेल, तर वर ठेवायची लोखंडी चौकटीची खुर्ची मिळते. तिचे पाय हलत नाहीत ना, एवढे पाहावे.

मोरीचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करावे. हे फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच दार अडते आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी असावी. सासूबाई पडल्या तेव्हा आमचे दार आत उघडणारे होते. हात घालण्यापुरती फट मिळेपर्यंतची ती दहा मिनिटे मी विसरलेले नाही.

मग उंबरठे. जुन्या घरात प्रत्येक खोलीला उंबरठा. जे काढता येतात ते काढावेत. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून मुख्य दाराचा ठेवावा लागतो, तिथे उतार करावा. उताराचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट लांबी. म्हणजे सहा इंच चढायचे असेल तर सहा फूट उतार हवा. आमचा गवंडी दोन फुटांत उरकायला निघाला होता. तसा उतार म्हणजे घसरगुंडीच. जागा नसेल तर उतार करू नये, त्याऐवजी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा आणि बाजूला धरायला कठडा लावावा. फरशी आणि पायरी एकाच रंगाची असली की मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना कड दिसतच नाही.

दिवा. कॉटवरून उठण्याआधी हाताला लागेल असे बटण हवे. रात्रभर मोरीच्या वाटेवर झिरोचा दिवा असावा. तो रात्रभर जाळला तरी बिलात फारसा फरक पडत नाही.

बसायची खुर्ची हातांची असावी आणि तिचे पाय फरशीवर सरकू नयेत. कॉट इतकी उंच की कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत. रोजची भांडी, पीठ, साखर, औषधे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. आणि स्टुलावर चढणे बंद, अगदी बंद. माळ्यावर जे आहे ते एक तर खाली आणावे, नाही तर ते आपल्याला लागत नाही असे समजून देऊन टाकावे.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुमचे स्वतःचे घर आहे, आम्ही नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्याने राहतो, मालक खिळा ठोकू देत नाही. बरोबर आहे. त्यांना भिंत फोडता येणार नाही, पण वाट मोकळी करता येईल, दिवा बदलता येईल, पायपुसण्याखाली रबर लावता येईल, अंघोळीला प्लास्टिकचे भक्कम स्टूल ठेवता येईल. आणि ज्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर चौथ्या मजल्यावर आहे, त्यांनी गुडघे चांगले असतानाच तळमजल्याच्या खोलीशी अदलाबदल होते का ते पाहावे. वसई-विरारमध्ये अशा इमारती किती आहेत हे मी सांगायला नको. माझ्या ओळखीच्या एक बाई अशाच चौथ्या मजल्यावर दोन वर्षे खाली उतरल्या नाहीत. त्यांचे जग म्हणजे खिडकीची चौकट.

जपानमध्ये सरकारने २००० सालच्या एप्रिलमध्ये वृद्धांच्या देखभालीचा विमा सुरू केला. त्यात घराला दांडे बसवणे, उंबरठे काढणे, फरशी बदलणे यासाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाचा मोठा भाग मिळतो. आपल्याकडे घर बदलण्यासाठी तसे काही नाही. मात्र केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तीत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र अशी साधने देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, त्यात पासष्ट वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच तीन हजार रुपये खात्यात जमा करण्याचे ठरले. तीन हजारांत वॉकर आणि मोरीतले दोन दांडे होतात. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा देशभर एकच दूरध्वनी क्रमांक आहे, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

आता कागद. इथे मी माझ्या खुर्चीवरून बोलते. पसाऱ्यातला सर्वांत धोक्याचा पसारा कागदांचा असतो, कारण तो दिसायला लहान असतो. आमच्या खिडकीवर वडील वारल्यावर मुले येतात आणि म्हणतात, "बाबांचे कुठे तरी खाते होते." कुठे तरी! पासबुक सापडत नाही, वारस म्हणून कुणाचे नाव लावलेले नाही. दोन वर्षे खात्यावर व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होते. दहा वर्षे कुणी हात लावला नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते, पण त्यासाठी आधी खाते होते हे माहीत पाहिजे. अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली उद्गम नावाचे संकेतस्थळ काढले आहे. कॉलेजच्या मुलांनी आपल्या घरातल्यांची नावे त्यावर जरूर टाकून पाहावीत.

जुनी, बंद पडलेली खाती एकत्र करून एक-दोनच ठेवावीत. प्रत्येक खात्याला, ठेवीला आणि लॉकरला नामनिर्देशन करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चारपर्यंत नावे लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येते. पण नामनिर्देशित माणूस म्हणजे मालक नव्हे. तो बाकीच्या वारसांच्या वतीने पैसे घेणारा. यावरून सख्ख्या भावांची भांडणे मी पाहिली आहेत, म्हणून वेगळे मृत्युपत्र केलेले बरे. आणि एटीएमचा गुप्त आकडा कार्डाच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवू नका. हसू नका, निम्मे लोक तसेच करतात.

कागद टाकताना विजेची दहा वर्षांपूर्वीची बिले, दुकानांच्या पावत्या, मेलेल्या टीव्हीचे हमीपत्र खुशाल टाकावे. पण घरपट्टीच्या जुन्या पावत्या टाकू नयेत. गावठाणातल्या कितीतरी घरांना तोच आधार असतो. शाळेचे जुने दाखले, जातीचे दाखले, जन्म-मृत्यूचे उतारे, नोकरीचे आदेश, गावच्या जमिनीचे कागद यांची एक फाईल करावी आणि पहिल्या पानावर यादी लावावी. लॅमिनेशन करू नये; जुना कागद त्यात कायमचा अडकतो, मागची बाजू आणि शिक्के तपासता येत नाहीत. ती फाईल जमिनीवर, कॉटखाली ठेवू नये. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरले, गाड्या बंद पडल्या, तेव्हा आमच्याही घरात घोट्याएवढे पाणी आले होते. कॉटखाली जे होते त्याचा लगदा झाला. ती पेटी मी भंगारात दिली नसती तरी कदाचित त्या पुरात गेली असती, असे मी कधी कधी स्वतःला सांगते. सासूबाईंना मात्र हे सांगण्याचे धाडस झालेले नाही.

अजून एक इशारा, थोडक्यात. घर आवरणे वेगळे आणि घर मुलाच्या नावावर करून देणे वेगळे. आवरता आवरता कुणी म्हणते, "आता हेही करून टाका." घाई करू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांत अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येते. पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. तोंडी विश्वासावर कागद करू नये, मुलगा कितीही गुणी असला तरी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. सुट्टीत आजी-आजोबांच्या पेटीपाशी बसा. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. बॉलपेनाने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. कागदांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पण त्यामुळे मूळ कागद टाकता येतो असे समजू नका. आणि विचारत राहा. मी पेटी विकण्याआधी एक प्रश्न विचारला असता तर ती वही आज या व्यासपीठावर आणून दाखवली असती.

सासूबाई आज इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे सगळे सांगू का, असे मी त्यांना काल विचारले होते. त्या म्हणाल्या, "सांग. पण पडद्यांचं नको सांगू." तेही सांगून बसले, क्षमा असावी.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी विहारात बसते. नामनिर्देशनाचे अर्ज माझ्याकडे असतात. येताना पासबुक आणि आधार कार्ड आणावे, आणि ज्यांचे खाते आहे त्या म्हाताऱ्या माणसालाही सोबत आणावे. अर्जावर सही त्यांचीच लागते.

जय भीम.